कर्ल टिकवायचे तर आधी गार होऊ द्या

ठाण्याच्या दमट हवेत घरी केलेले कर्ल तलावपाळीला पोहोचेपर्यंत सुटू लागतात. उष्णतेने केसांतले हायड्रोजन बंध, म्हणजे केसांचा आकार धरून ठेवणारे नाजूक जोड, तुटतात, गार होताना नव्या आकारात जुळतात आणि ओलाव्याने पुन्हा मोडतात. म्हणून बट कर्लिंग मशीनच्या गरम रॉडवरून उतरली की लगेच विंचरू नका; गुंडाळी तशीच डोक्याजवळ क्लिपने अडकवा आणि पूर्ण गार होऊ द्या. खरी करामत इथेच आहे. केस मात्र आधी कोरडेठाक हवेत, उष्णतेपासून केस वाचवणारा हीट प्रोटेक्टंट स्प्रेसुद्धा वाळलेला. चर्र आवाज आला, की थांबा. पातळ केसांना १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पुरतं, जाड केसांना १८०. हात बसेपर्यंत मशीन बंद ठेवूनच सराव करा, मागच्या बटांचा तर नक्कीच. टोकं शेवटी गुंडाळा. ती सगळ्यात जुनी आणि नाजूक असतात.