स्पेक्ट्रोमीटर आणि ग्रेटिंग वापरून विवर्तनकोन अचूक कसा मोजावा

विवर्तन ग्रेटिंग म्हणजे अत्यंत जवळजवळ, समांतर रेघा असलेली पारदर्शक पट्टी. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहसा इंचाला 15000 रेघा असलेली ग्रेटिंग मिळते. म्हणजे लगतच्या दोन रेघांमधले अंतर सुमारे 1693 नॅनोमीटर असते. या अंतराला विवर्तनकोनाच्या (ग्रेटिंगमुळे प्रकाश मूळ दिशेपासून जितका वळतो त्या कोनाच्या) साइनने गुणले, की वर्णपटाचा क्रम (मधल्या थेट प्रतिमेपासून तो कितवा आहे) आणि तरंगलांबी यांचा गुणाकार मिळतो. सूत्र एवढेच आहे. कोनाची अचूकता मात्र रीडिंग घेण्याआधी स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कॉलिमेटर, मधले फिरते प्रिझम टेबल आणि दुर्बीण असलेले कोन मोजण्याचे उपकरण, किती काळजीपूर्वक जुळवले यावर ठरते, म्हणून या प्रयोगाचा बराचसा वेळ जुळवणीलाच द्यावा.

प्रथम सोडियमचा दिवा लावून ठेवावा, कारण सुरुवातीचा लालसर उजेड जाऊन पूर्ण पिवळा प्रकाश यायला काही मिनिटे लागतात. तोवर दुर्बिणीची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) पुढेमागे करून क्रॉसवायर (दुर्बिणीतल्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तारा) स्वच्छ दिसेल अशी ठेवावी आणि दुर्बीण खिडकीबाहेरच्या एखाद्या दूरच्या वस्तूवर रोखून प्रतिमा सुस्पष्ट करावी. त्यानंतर दुर्बीण कॉलिमेटरच्या (स्लिट, म्हणजे अरुंद फट, यातून येणारा दिव्याचा प्रकाश समांतर करणाऱ्या नळीच्या) रेषेत आणावी आणि दुर्बिणीला हात न लावता, फक्त कॉलिमेटरचा स्क्रू फिरवून स्लिटची प्रतिमा रेखीव करावी. डोळा किंचित डावी-उजवीकडे हलवला असता प्रतिमा आणि क्रॉसवायर एकमेकांपासून सरकत नसतील, तर जुळवणी बरोबर झाली असे समजावे. दुसऱ्या व्यक्तीने पाहताना गरज पडल्यास केवळ नेत्रिका बदलावी. स्लिट शक्य तितकी अरुंद ठेवावी.

आता ग्रेटिंग प्रकाशाला लंब करायची. दुर्बीण थेट प्रतिमेवर ठेवून रीडिंग घ्यावे, ती तेथून बरोबर 90 अंश फिरवून घट्ट करावी आणि ग्रेटिंग कडांनाच धरून प्रिझम टेबलावर उभी करावी. तिच्या पृष्ठभागाला बोट लागू देऊ नये आणि तो कापडाने पुसूही नये. टेबल फिरवत गेल्यास ग्रेटिंगवरून परावर्तित झालेली स्लिटची प्रतिमा क्रॉसवायरवर येते. ती दृष्टिक्षेत्राच्या वर किंवा खाली असेल, तर टेबलाखालच्या स्क्रूंनी मध्यावर आणावी. या स्थितीत ग्रेटिंग प्रकाशाशी 45 अंशांचा कोन करते, म्हणून टेबल योग्य दिशेने 45 अंश, किंवा रेघांची बाजू दुर्बिणीकडे आणायची असल्यास 135 अंश फिरवून पक्के करावे. दोन्ही बाजूंच्या वर्णपटरेषा वेगवेगळ्या उंचीवर दिसल्या, तर ग्रेटिंगवरच्या रेघा उभ्या नाहीत असा त्याचा अर्थ होतो.

रीडिंगसाठी दुर्बीण मधल्या शून्य क्रमापासून (थेट प्रतिमेपासून) डावीकडे नेऊन पहिल्या क्रमाच्या पिवळ्या रेषेवर क्रॉसवायर आणावी, शेवटची हालचाल सूक्ष्म स्क्रूने नेहमी एकाच दिशेने करावी आणि दोन्ही व्हर्निअर (मुख्य पट्टीच्या भागांहून लहान माप वाचण्यासाठीच्या समोरासमोरच्या छोट्या सरकपट्ट्या) वाचावेत. मुख्य पट्टीवर अर्ध्या अंशाचे भाग आणि व्हर्निअरवर 30 भाग असतील, तर लघुत्तम माप (वाचता येणारे सर्वांत लहान माप) 1 मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, असते. मग उजवीकडच्या रेषेसाठीही तेच करावे. दोन बाजूंच्या रीडिंगमधला फरक विवर्तनकोनाच्या दुप्पट असतो.

समजा, पहिल्या व्हर्निअरवर 172°14′ आणि 212°56′ मिळाले, फरक 40°42′. दुसऱ्यावर 352°15′ आणि 33°01′ मिळाले. येथे पट्टी शून्य ओलांडून गेल्यामुळे दुसऱ्या रीडिंगमध्ये 360 अंश मिळवावे लागतात आणि फरक 40°46′ येतो. सरासरी 40°44′, म्हणून कोन 20°22′ आणि तरंगलांबी 589.3 नॅनोमीटर. फक्त पहिला व्हर्निअर वाचला असता, तर उत्तर 588.9 आले असते. पट्टीचे केंद्र आणि फिरण्याचा अक्ष तंतोतंत एक नसल्यामुळे येणारी ही चूक समोरासमोरचे दोन व्हर्निअर वाचल्यानेच नाहीशी होते, म्हणून घाई असली तरी दुसरे वाचन टाळू नये. ग्रेटिंग किंचित तिरकी राहिली असल्यास तिचा परिणामही डाव्या-उजव्या रीडिंगच्या फरकात बहुतांश निघून जातो. शून्य क्रमापासूनचे दोन्ही कोन ठळकपणे असमान आले, तर मात्र लंब जुळवणी पुन्हा करावी.

शक्य असेल तेव्हा दुसऱ्या क्रमातही मोजावे. तेथे सोडियमचा कोन सुमारे 44°6′ येतो आणि कोनातील 1 मिनिटाच्या चुकीने तरंगलांबीत 0.2 नॅनोमीटरपेक्षा कमी फरक पडतो. पहिल्या क्रमात तो 0.5 च्या जवळ असतो. शिवाय 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषांमधले अंतर पहिल्या क्रमात जेमतेम 1.3 मिनिट असते, ते दुसऱ्यात 3.4 मिनिटांवर जाते, त्यामुळे स्लिट पुरेशी अरुंद असल्यास त्या स्वतंत्रपणे मोजता येतात. तिसरा क्रम शोधू नये. या ग्रेटिंगसाठी कोनाचा साइन 1 पेक्षा मोठा येत असल्यामुळे सोडियमचा तो क्रम मिळतच नाही.