ओंडका उचलायचा कसा आणि परत ठेवायचा कसा

होबार्टच्या आसपास राहणाऱ्या आणि रविवारी रानात भटकणाऱ्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय. टास्मानियाच्या आग्नेय भागात ऑरफर्ड आणि कॉपिंगच्या मधे वायलँग्टाचं जंगल आहे, तिकडे आणि समोरच्या मराया आयलंडवर एक छोटा काळा स्टॅग बीटल (एक प्रकारचा भुंगेरा) राहतो, शास्त्रीय नाव लिसोटिस लॅटिडेन्स. दोन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. उडता येत नाही त्याला, आणि हीच त्याची सगळी अडचण, कारण जंगलाचा एक पट्टा तोडून जाळला तर तो उठून दुसऱ्या रानात जाऊ शकत नाही, तिथेच संपतो.

तो बघायचा तर ओंडक्याखाली बघावं लागतं, म्हणून आधी योग्य ओंडका ओळखायला शिका. नुकतं पडलेलं कडक लाकूड नको. जमिनीला पूर्ण टेकलेला, खालून ओल धरलेला, नखाने कुरतडला तरी भुगा पडेल असा जुना ओंडका, त्याच्या खालच्या मातीत हे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या असतात. लाकूड फोडून शोधत बसायचं नाही, प्लीज. अळ्यांना मोठं व्हायला जे लागतं ते कुजकं लाकूड आणि ती ओली माती, आपण कुऱ्हाड घातली की दोन्ही गेलं.

उचलताना पलीकडची कड धरून स्वतःकडे वळवा, म्हणजे खालून साप निघाला तर ओंडका मधे राहतो. टास्मानियात जमिनीवरचे साप तीनच जातींचे आहेत पण तिन्ही विषारी, आणि जॅक जंपर मुंग्या तर त्याहून वाईट, ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्या जिवावर बेततं, म्हणून हातमोजे आणि बंद बूट हवेतच. दहा-पंधरा सेकंद बघा, फोटो काढा, भुंगेऱ्याला हात लावू नका, घरी तर मुळीच आणू नका, जात कायद्याने संरक्षित आहे.

मग ओंडका होता तस्साच, त्याच खड्ड्यात, तीच बाजू खाली करून ठेवा. इथेच लोक चुकतात, जरा तिरका राहिला की फटीतून वारा शिरतो, माती सुकते आणि खालचं सगळं मरतं. मी तर एक ओंडका वर्षातून एकदाच उचलतो.

या जंगलासाठी कोर्टात मोठी लढाई झालीये, तेव्हाचे सेनेटर बॉब ब्राऊन यांनी 2005 मध्ये इथल्या झाडतोडीवरून फॉरेस्ट्री टास्मानिया या सरकारी कंपनीवर केस केली, वेज-टेल्ड ईगल आणि स्विफ्ट पॅरटबरोबर हा बीटलसुद्धा त्यात होता, 2006 मध्ये ते जिंकले पण 2007 मध्ये अपिलात निकाल फिरला. एवढुशा किड्यासाठी कोणी कोर्टात उभं राहिलं याचं मला अजून फार कौतुक वाटतं.

आपल्या हातात काय? सरपण. वूड हीटरसाठी रानातले पडलेले ओंडके उचलून आणू नका, विकत घेताना लाकूड कुठून आलं ते विचारा. त्या भागात स्वतःची जागा असेल तर पडलेलं झाड 'साफसफाई' म्हणून जाळू नका, राहू दे पडून. आणि रानात शिरण्याआधी बूट घासून धुवा, मातीतून फायटॉफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोग पसरतो, त्याने झाडांची मुळं कुजतात.

फोटो आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट) टाका, धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण तिथे आपोआप झाकलं जातं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र लोकेशन टाकू नका.