द्रावकाच्या बाष्पाची कर्करोग-चाचणी: या चुका टाळा

डायक्लोरोमिथेनसारख्या (लवकर उडून जाणाऱ्या क्लोरीनयुक्त) द्रावकाचं बाष्प उंदरांना हुंगवून कर्करोग होतो का, हे बघणारी चाचणी साधारण दोन वर्षं चालते. रोज 6 तास, आठवड्याचे 5 दिवस, प्रत्येक गटात किमान 50 नर आणि 50 माद्या. पंधराव्या महिन्यात सापडलेली चूक दुरुस्त होत नाही, आणि तोवर गेलेले जीव वाया जातात. म्हणून नाकापर्यंत नेमकं काय पोचतंय, हे पहिल्या दिवसापासून बघा.

सर्वांत महागात पडते ती हिशेबाच्या आकड्यालाच खरी तीव्रता मानण्याची चूक. समजा, जनावरं ठेवायचा बंद कक्ष म्हणजे चेंबर 2 घनमीटरचा आहे आणि त्यातली हवा तासाला 15 वेळा बदलते (15 हवाबदल), म्हणजे तासाला 30 घनमीटर हवा. 25 अंश सेल्सियसला 1000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 1000 भाग बाष्प) म्हणजे घनमीटरला सुमारे 3.47 ग्रॅम. तेव्हा द्रव लागतो तासाला 104 ग्रॅम, मिनिटाला साधारण 1.3 मिली. हिशेब चोख, पण चेंबरमध्ये तेवढं असेलच असं नाही. नमुना जनावरांच्या नाकाच्या उंचीवर घ्या, गॅस क्रोमॅटोग्राफवर (हवेतले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) दिवसभर मोजत राहा. आकडा 10 टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर द्रवाची बाटली सुरुवातीला आणि शेवटी वजन करून पाहा. वजन कमी घटलं असेल तर दोष पंपाचा. वजन बरोबर घटूनही आकडा कमी येत असेल तर आधी गळती, मग हवेचा प्रवाह तपासा.

तासाला 15 हवाबदल असतील तर ठरवलेल्या तीव्रतेची 90 टक्के पातळी गाठायला 9-10 मिनिटं लागतात. सहा तास तिथून मोजा. बंद केल्यावरही चेंबर धुऊन निघेपर्यंत दार उघडू नका.

बाष्पक (द्रवाचं बाष्प करणारं उपकरण) जास्त तापवू नका. डायक्लोरोमिथेन तप्त पृष्ठभागावर विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हे आम्ल आणि फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतात. मग नाकातली इजा द्रावकाची की आम्लाची, ते कळणार नाही.

खाद्य चेंबरमध्ये ठेवलं तर ते बाष्प शोषतं आणि मात्रा पोटातूनही जाते. ते काढा, पण नियंत्रण गटाचंही (तुलनेसाठी बाष्पाविना ठेवलेल्या जनावरांचंही) तेवढाच वेळ काढा. ही गोष्ट बारीक वाटते, पण कमी खाणाऱ्या, बारीक जनावरांत गाठी मुळातच कमी होतात. नियंत्रण गटही तशाच चेंबरमध्ये, स्वच्छ हवेत हवा.

मात्रा निवडताना अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा 1986चा अहवाल आठवा. माउसना (लहान जातीच्या उंदरांना) 2000 आणि 4000 पीपीएम दिले होते, आणि फुप्फुस व यकृताच्या गाठी वाढल्या. पण शरीर हे द्रावक दोन मार्गांनी मोडतं, आणि एवढ्या तीव्रतेला ऑक्सिडीकरणाचा मार्ग भरून जातो (त्याची क्षमता संपते) आणि ग्लुटाथायोन या पेशीतल्या रेणूचा मार्ग जोर धरतो. त्यामुळे तिथून सरळ रेघ ओढून कमी मात्रेचा धोका काढणं चुकीचं. रक्तातली पातळी आधी लहान प्रयोगात मोजा.

शवविच्छेदनात फुप्फुसं श्वासनलिकेतून फॉर्मलिनने फुगवूनच घ्या. आक्रसलेल्या फुप्फुसात लहान गाठ सहज निसटते.