ओट्यावरची मातीविना बाग: पाणी, खत आणि दिवा

स्वयंपाकघरात ठेवायचं हायड्रोपोनिक यंत्र दिसायला भारी, पण आतून साधं असतं. अपारदर्शक टाकी, भोकांचं झाकण, भोकांत जाळीचे कप, कपात स्पंज, टाकीत छोटा पंप आणि वर खाली-वर होणारा एलईडी दिवा. तीन ते पाच लिटरच्या टाकीवर सहा ते बारा भोकं असतात. सोबत खताच्या दोन चिमुकल्या बाटल्या येतात. त्या संपल्या की बहुतेक बागा बंद पडतात, कारण नव्या मागवायच्या तर किंमत पाहूनच हात आखडतो. नाशिकमध्ये मात्र हे व्हायचं काहीच कारण नाही. द्राक्षबागेला ठिबकमधून जी विद्राव्य खतं जातात, त्यांतूनच या टाकीचं खत बनतं आणि ती पिंपळगाव बसवंतपासून पंचवटीपर्यंत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात किलोच्या पुडीत मिळतात.

यंत्र विकतच घ्यायला हवं असंही नाही. झाकणाचा ८ ते १० लिटरचा गडद डबा घ्या. झाकणाला ५ सेंटीमीटरची भोकं पाडा, दोन भोकांत १२ ते १५ सेंटीमीटर अंतर ठेवा. भोकांत ५ सेंटीमीटरचे जाळीचे कप बसवा, मत्स्यालयाच्या दुकानातून ३ ते ५ वॉटचा हवेचा पंप, नळी आणि हवेचा दगड आणा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर नळीत एकेरी झडप घाला. वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. त्याने नवा पंपही जळू शकतो. डबा गडद नसेल तर बाहेरून काळी चिकटपट्टी गुंडाळा. पाण्यावर उजेड पडला की आठवड्यात हिरवं शेवाळ धरतं.

जागा निवडताना गॅसच्या शेगडीपासून किमान दीड मीटर लांब जा. फोडणीच्या तेलाची वाफ दिव्यावर आणि पानांवर चिकट थर धरते, मग पान धुऊनही तेलकट राहतं आणि दिव्याचा उजेड कमी होतो.

पाणी

महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं आणि ते या कामाला चांगलं आहे. रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, क्लोरीन उडून जातो. अडचण येते ती सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यामुळे बोअरचं पाणी बहुधा जड लागतं. त्यात बायकार्बोनेट असतं, ते पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) सतत वर ढकलतं. टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र, असल्याशिवाय या भानगडीत पडू नका. खत घालण्याआधीच पेनने ३०० पीपीएमच्या (दहा लाखांत ३०० भाग) वर आकडा दाखवला तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात.

खत

एकटं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १९ टक्के असलेलं खत) टाकून बाग होत नाही, हे आधी सांगून ठेवतो. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू त्याचं रूपांतर करतात, स्वच्छ पाण्याच्या टाकीत ते काम नीट होत नाही. शिवाय युरियाचे आयन होत नाहीत, म्हणून टीडीएस पेनला तो दिसतच नाही. आणि त्या पुडीत कॅल्शियम मुळीच नसतो.

दोन बाटल्या करा, प्रत्येकी १ लिटरची. खत मोजायला सोनारी पद्धतीचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा लागतो.

पहिली बाटली: कॅल्शियम नायट्रेट १२० ग्रॅम आणि १२ टक्के लोह असलेलं चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलंच राहावं म्हणून ईडीटीएशी बांधलेलं) ४ ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेटच्या पिशवीवर १५.५ टक्के नत्र आणि १८.८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लिहिलेलं पाहा. द्राक्षवाल्यांसाठी बोरॉन घातलेलंही मिळतं, ते नको. बागेला चालणारं बोरॉन टाकीत जास्त होतं आणि पानांच्या कडा करपतात. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त म्हणून लोहाच्या जागी टाकू नका, स्फुरदाशी गाठ पडली की ते तळाशी बसतं.

दुसरी बाटली: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ६० ग्रॅम, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट ३४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ७० ग्रॅम, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण २ ग्रॅम. मिश्रणाच्या पुडीवर बोरॉन नसेल तर बोरिक ॲसिड ०.३ ग्रॅम.

दोन्हींसाठी रीत एकच. बाटलीत आधी ७०० मिली पाणी घ्या, एकेक खत विरघळवा, मग १ लिटरपर्यंत भरा. नायट्रेट विरघळताना बाटली हाताला गार लागते, ते नेहमीचंच. खताच्या उरलेल्या पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. कॅल्शियम नायट्रेट पावसाळ्यात उघडं राहिलं तर हवेतलं पाणी ओढून आठवड्यात लगदा होतो.

वापरताना १ लिटर पाण्याला पहिल्या बाटलीतलं ५ मिली आणि दुसऱ्यातलं ५ मिली. पण एकत्र नाही! आधी टाकीतल्या पाण्यात पहिलं घाला, ढवळा, मग दुसरं. दाट द्रावणं थेट एकमेकांत मिसळली की पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि थोड्या वेळाने तळाशी चुन्यासारखा गाळ बसतो. तो कॅल्शियमचा फॉस्फेट आणि जिप्सम. झाडाला द्यायचं ते खत तिथेच मेलं, आता ढवळून उपयोग नाही.

या मात्रेने ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, १.५ ते १.८ येते, पालेभाज्यांना आणि तुळसवर्गाला ती पुरते. पेन पीपीएम दाखवत असेल तर साधारण ७५० ते ९००, कारण स्वस्त पेन ईसीला ५०० ने गुणतात. रोपं लहान असताना निम्मी मात्रा, म्हणजे प्रत्येकी २.५ मिली.

सामू ५.५ ते ६.५ ठेवायचा. खत घातल्यावर मोजा, आधी नाही. वर असेल तर फॉस्फरिक ॲसिड वापरा. ठिबकच्या नळ्या धुवायला शेतकरी जे नेतात तेच, पण ते ८५ टक्के तीव्रतेचं असतं. १९० मिली पाण्यात १० मिली ॲसिड घाला, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. या पातळ द्रावणाचे थेंब टाका, ढवळा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सायट्रिक ॲसिडनेही सामू उतरतो, पण जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा जिथल्या तिथे.

पेरणी आणि दिवा

अडीच सेंटीमीटरचे स्पंजचे तुकडे भिजवून पिळा, वर फुलीसारखी चीर द्या, त्यात बी. धणे आधी बोटांनी दाबून दोन फाकी करा आणि १२ तास भिजवा, एका कपात सहा ते आठ. मेथी एका कपात पंधरा दाणे. गोड तुळस म्हणजे बेसिल तीन-चार बिया, उगवल्यावर दोनच ठेवा. लेट्यूस आणि टोमॅटोच्या दोन बिया पेरून एक रोप ठेवा, दुसरं उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत. मेथी तीन दिवसांत, बेसिल आठवड्याभरात, कोथिंबीर आठ ते बारा दिवसांत. पुदिन्याला बी नकोच. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. त्याला मात्र वेगळी टाकी द्या. त्याची मुळं सगळ्या टाकीत पसरतात आणि पंपाच्या जाळीत घुसतात.

टाकी भरताना पाण्याची पातळी स्पंजच्या तळाला टेकेल एवढी ठेवा. मुळं खाली उतरली की ३ ते ४ सेंटीमीटर हवेची मोकळी जागा सोडा. त्या जागेतल्या मुळांना हवा मिळते, त्यामुळे वीज तीन-चार तास गेली तरी झाड तग धरतं.

किडकिडीत रोपं हा बहुतेक नव्या बागेचा पहिला आजार. देठ लांब, पानं दोनच आणि रोप आडवं. दोष बियाणाचा नसतो, दिवा लांब असतो. उगवताच दिवा ८ ते १० सेंटीमीटरवर आणा, नंतर शेंड्यापासून १५ सेंटीमीटर वर ठेवत जा. पालेभाज्यांना १४ तास, टोमॅटो-मिरची-फुलांना १६ तास. २४ वॉटचा दिवा १६ तास चालला तर महिन्याला साडेअकरा युनिट. खिडकीतलं ऊन दिव्याऐवजी चालेल असं समजू नका. इमारतीतल्या खिडकीत थेट ऊन दोन-तीन तासच येतं, आणि ते टाकी तापवतं ते वेगळंच.

आता स्पष्ट सांगायचं तर कोथिंबीर आणि मेथीसाठी हा खटाटोप करू नये. नाशिकच्या बाजारात दोन्ही ताज्या मिळतात, आणि मेथी तर एकदा कापली की संपली. कोथिंबीर लावायची असेल तर पावसाळ्यात, जुडीचे भाव चढतात तेव्हा. टाकीची खरी वसुली बेसिल, लेट्यूस, पार्सली आणि पुदिन्यातून होते. बेसिल १५ सेंटीमीटरचं झालं की पानांच्या दुसऱ्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडा. त्या जागी दोन फांद्या फुटतात. एका वेळी तिसरा हिस्सा, जास्त नाही. तुरा दिसला की तोडा, नाहीतर पान कडवट होतं.

फळभाजीत बुटक्याच जाती घ्याव्यात. मायक्रो टॉम, टायनी टिम हे टोमॅटो डब्यावर मावतात, बाजारातल्या टोमॅटोचं बी पेरलंत तर दिवा कमी पडेल. फळभाजीची टाकी वेगळी ठेवा. फुलं लागली की ईसी २ ते २.५ करा आणि लिटरमागे ०.३ ग्रॅम ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट घाला. घरात मधमाशी नाही, म्हणून सकाळी फुलाच्या देठाला बोटाने टिचकी मारा, पिवळी धूळ उडताना दिसली म्हणजे काम झालं. फुलांमध्ये बुटका झेंडू सगळ्यात सोपा. पिटुनियाचं बी धुळीएवढं असतं आणि ते उजेडात उगवतं, म्हणून स्पंजवर नुसतं ठेवा, चिरेत ढकलू नका.

ऋतू

एप्रिल-मेमध्ये पाणी २६ अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि मूळकुजीला मोकळं रान मिळतं. दिवा रात्री चालवा, संध्याकाळी ६ ते सकाळी ८. दुपारी गोठवलेली २०० मिलीची बाटली टाकीत सोडा. या दिवसांत झाड खतापेक्षा पाणी जास्त पितं, म्हणून पातळी उतरते आणि ईसी चढते. अशा वेळी नुसतं पाणी भरा. ईसी उतरत असेल तरच खत.

डिसेंबर-जानेवारीत ओट्याचा ग्रॅनाइट पहाटे बर्फासारखा होतो. टाकीखाली लाकडी पाट ठेवा. बेसिलची पानं काळवंडली तर थंडीच लागलेली असते, औषध शोधत बसू नका. लेट्यूस आणि पालक मात्र याच दिवसांत बहरतात.

बिघडलं तर

नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा: लोह लागू होत नाही, बहुतेकदा सामू ६.५ च्या वर गेलेला असतो. आधी तो उतरवा, लोह वाढवायची घाई नको. खालची जुनी पानं पिवळी: नत्र कमी, द्रावण जुनं झालंय. लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी: कॅल्शियम टाकीत आहे पण हवा हलत नसल्याने पानापर्यंत पोचत नाही, छोटा पंखा मंद लावा.

मुळं तपकिरी दिसली की लगेच घाबरू नका, खताचा रंगही बसतो. एक मूळ चिमटीत धरून हलकं ओढा. वरची साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखा धागा राहिला, वासही कुजका, तर ती मूळकूज. सगळं द्रावण फेका, मुळं साध्या पाण्यात धुवा, कुजलेली कापा. नव्या द्रावणात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला ३ मिली घाला आणि पाणी थंड ठेवण्याची सोय करा, नाहीतर पुन्हा तेच.

स्पंजभोवती चिलटं घोंगावत असतील तर कृषी केंद्रातला पिवळा चिकट सापळा तळहाताएवढा कापून दिव्याखाली लावा. मावा आला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, दिवा बंद असताना फवारा, दोन दिवसांनी पानं धुऊनच खा. बागेतली बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं मात्र घरात आणूच नका, ताटात जाणाऱ्या पानावर तर नाहीच.

दर १४ दिवसांनी द्रावण बदला. जुनं बाल्कनीतल्या कुंड्यांना घाला, वाया जात नाही. पंपावर पांढरा थर बसला असेल तर तो व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. पीक बदलताना टाकी साबणाने धुऊन दिवसभर उन्हात उपडी ठेवा.