पणजीत दोघांच्या दोन रात्री : या चुका टाळा

लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला आम्ही दोघं पणजी बघायला गेलो आणि राहिलो कळंगुटला. खोली स्वस्त मिळाली होती, नकाशावर अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर दिसत होतं. शनिवारी संध्याकाळी फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमधून हातात हात घालून फिरायचं, असं मी महिनाभर मनाशी घोकत होते. प्रत्यक्षात वाटेतल्या पर्वरीच्या गर्दीत टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून राहिलो. पोचलो तेव्हा अंधार पडला होता, पिवळी-निळी घरं सगळी एकाच रंगाची दिसत होती. जेवण उरकून पुन्हा तेवढाच रस्ता. आमचं भांडण झालं नाही, पण परतताना दोघंही गप्प होतो. त्या गप्प बसण्याची रुखरुख मला अजून आहे.

त्यानंतर आम्ही चार वेळा पणजीला गेलो आणि आता ती आमची हक्काची जागा झाली आहे. ओळखीतली जोडपी निघाली की मला फोन करतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. दोन रात्रींच्या सहलीत दिवस मोजून उपयोग नसतो, तास मोजावे लागतात. बऱ्याचशा चुका या तासांवरच घाला घालतात.

मुक्काम लांब घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी. गोवा म्हटलं की समुद्रकिनाऱ्यावरची खोली शोधायची आपल्याला सवय असते. पण शहर बघायचं, गल्ल्यांतून भटकायचं, नदीकाठी बसायचं असेल तर खोली पणजीतच हवी. फोंतेन्हास, त्याला लागून असलेलं साव तोमे, वर आल्तिन्होची टेकडी किंवा पणजीच्या मुख्य चर्चच्या आसपासचा भाग, यांपैकी कुठेही चालेल. चर्चपासून फोंतेन्हास पायी दहा मिनिटांवर आहे. पाय दुखले की खोलीवर येऊन पडता येतं, संध्याकाळी अंघोळ करून पुन्हा बाहेर पडता येतं. ‘आता एवढ्या लांब कोण जाणार’ हे वाक्यच तोंडातून निघत नाही.

फोंतेन्हासमधली बरीच जुनी घरं आता पाहुण्यांना खोल्या देतात. लाकडी जिने, उंच छत, कुठे कुठे खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या. त्यांतून सकाळचा उजेड दुधाळ होऊन आत येतो. पण फोटो बघून भाळू नका, आधी फोन करा. पलंग एक आहे की दोन वेगवेगळे, हे स्पष्ट विचारा. जुन्या घरांत दोन सुटे पलंग मिळायची शक्यता खरीच असते, आणि वाढदिवसाच्या रात्री दोन टोकांना झोपणं कुणालाच आवडत नाही. लिफ्ट आहे का, खिडकी रस्त्यावर उघडते की मागच्या अंगणात, बाथरूम खोलीतच आहे ना, हेही विचारून घ्या. मांडवीच्या काठावरची खोली ऐकायला छान वाटते, पण समोर नदीत कॅसिनोच्या बोटी आहेत. त्यांचे दिवे आणि रस्त्यावरच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत चालू असतात.

मडगावचं तिकीट काढणं

गोवा म्हणजे मडगाव, असं डोक्यात बसलेलं असतं. मडगाव स्टेशन पणजीपासून तेहतीस-चौतीस किलोमीटरवर आहे. पणजीला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळी, अकरा-बारा किलोमीटर. थिवी साधारण वीस. कोकणकन्या आणि मांडवी एक्सप्रेस दोन्ही करमळीला थांबतात. वंदे भारत मात्र करमळीला थांबत नाही, तिने जाणार असाल तर थिवीला उतरा. मडगावलाच उतरावं लागलं तर घाबरू नका. तिथल्या बस स्टँडवरून पणजीला थेट जाणाऱ्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसगाड्या मिळतात, फक्त स्टेशनपासून स्टँडपर्यंत रिक्षा करावी लागते.

विमानाने जाणाऱ्यांची वेगळी गफलत होते. गोव्यात २०२३ पासून दोन विमानतळ चालू आहेत, दाबोळी आणि मोपा. एक पणजीच्या दक्षिणेला, दुसरा पार उत्तरेला पेडण्यात. तिकीट काढताना दोन्हींना ‘गोवा’च म्हटलेलं असतं. जाताना एकीकडे उतरून येताना दुसरीकडून निघायचं आहे हे शेवटच्या सकाळी कळणारे लोक मी पाहिले आहेत. तिकिटावरचं नाव दोघांनीही वाचा.

आणखी एक हिशेब आधीच करा. शुक्रवारी रात्री मुंबईहून कोकणकन्येने निघालात आणि रविवारी संध्याकाळी परत फिरलात, तर तुमच्या वाट्याला पणजीत एकच रात्र येते, बाकीच्या दोन गाडीत. दोन रात्री खरंच हव्या असतील तर गुरुवारी रात्री निघा आणि शुक्रवारची रजा टाका. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून रजेची गोष्ट त्याच्या आधी ठरलेली हवी. पुणेकरांना गाड्यांचे पर्याय कमी. रात्रीच्या बसने जाणार असाल तर पहिली सकाळ झोपेची समजा आणि त्या सकाळी काहीही ठरवू नका.

दुपारी फिरायला निघणं

पणजीत दुपारी एक ते साडेतीन-चारपर्यंत बरीच दुकानं बंद असतात. काही खाणावळींची स्वयंपाकघरंही तीननंतर संध्याकाळपर्यंत थंडावतात. मुंबईच्या घड्याळाने चालणारं जोडपं अडीचला जेवायला निघतं, तीनला पोचतं आणि उपाशीपोटी एकमेकांवर चिडतं. आमचंही असंच झालं होतं. मासळीच्या ताटासाठी साडेबाराला निघा. एक वाजता मिळणारं ताट आणि अडीच वाजता मिळणारं ताट यांत फरक असतो. तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, बांगडा, सुक्या सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं किसमूर, सोलकढी असं पोटभर जेवा आणि सरळ खोलीवर या. पडदे ओढा. अख्खं शहर झोपलेलं असताना तुम्हीही झोपा, लोळा, गप्पा मारा. सहलीतले हे सगळ्यात चांगले तीन तास असतात, आणि लोक नेमके तेच डोना पावलाच्या उन्हात घालवतात.

त्याबदल्यात सकाळ लवकर घ्या. साडेसहाला फोंतेन्हासमध्ये पोदेर येतो, पाव विकणारा. सायकलच्या मागे वेताची मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, हातात रबरी भोंगा. पों-पों आवाज झाला की एखादं दार अर्धवट उघडतं आणि पिशवी बाहेर येते. त्याच्याकडून दोन पोई घ्या. कोंड्याने माखलेल्या, आत पोकळ, हाताला चटका बसेल इतक्या गरम. आम्ही दोघांनी सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलजवळच्या कठड्यावर बसून नुसती पोई खाल्ली होती, सोबत काहीही नव्हतं. ते चॅपेल एकोणिसाव्या शतकातलं. आतल्या क्रूसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, आणि हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आणलेला आहे. नंतर भाजी-पावच्या हॉटेलात जाऊन पातळ भाजी, मिरची आणि गोड बन मागवा. नऊच्या आत सगळं आटोपतं, तोवर ऊनही चढलेलं नसतं.

घरं म्हणजे फोटोची पार्श्वभूमी समजणं

हे मला कळकळीने सांगायचं आहे. फोंतेन्हास हे जिवंत वस्तीचं ठिकाण आहे. त्या रंगीत दारांमागे म्हातारी माणसं राहतात, मुलं अभ्यास करत असतात. कपडे बदलून बदलून फोटो काढणाऱ्या जोडप्यांना तिथले लोक विटले आहेत. कित्येक घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत. कुणाच्या पायरीवर, कुणाच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसू नका. दारात कुणी उभं असेल तर हसून विचारा. मागच्या वर्षी एका आजींनी आम्हाला स्वतःहून आत बोलावून भिंतीवरच्या निळ्या टाइल्स दाखवल्या, कारण आम्ही फोन खिशात ठेवून नुसते उभे होतो. दोघांचे चार फोटो काढा आणि फोन आत टाका.

वाहन, कागद, कपडे

ओला-उबरच्या भरवशावर जाऊ नका, त्या गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्सचं टॅक्सीचं ॲप घरूनच घालून ठेवा, स्टेशनवर आणि विमानतळावर प्रीपेड टॅक्सीची खिडकी विचारा. मोटारसायकलवरून सोडणाऱ्याला तिथे ‘पायलट’ म्हणतात. एकट्याला फार सोयीचं, पण दोघांना दोन पायलट करावे लागतात. स्कूटर भाड्याने घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं की मनस्ताप तुमच्याच वाट्याला. हेल्मेट दोन मागा.

लग्न न झालेल्या जोडप्यांनी एवढंच करावं : दोघांचीही आधार कार्डं जवळ ठेवावीत आणि खोली घेण्याआधी फोनवर सरळ विचारावं. सज्ञान जोडप्याने एकत्र राहण्यावर कायद्याने बंदी नाही, तरी काही ठिकाणी मालक आपले नियम लावतात. रात्री दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा दुपारी फोनवर नकार ऐकलेला परवडतो. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो.

चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. गल्ल्या चढ-उताराच्या आहेत, आल्तिन्होला तर पायऱ्याच पायऱ्या. नवे सँडल घरी ठेवा.

एकट्याने सगळं ठरवणं

‘सरप्राइज’ म्हणून केलेली छोटी सहल फार वेळा फसते. रजा, पाळीची तारीख, ऑफिसातलं काम, घरी आई-बाबांकडे कोण थांबणार, हे दुसऱ्याला न विचारता कळत नाही. आणि सगळं एकाने ठरवलं की काहीही बिनसलं तर दोष त्या एकाचा होतो. मी आता नवऱ्याला सांगते, तिकीट तुझ्याकडे, खोली माझ्याकडे, आणि तुला सगळ्यात जास्त काय हवंय ते एकच सांग. त्याला फेरीबोट हवी असते, मला सकाळची पोई. बाकीचं जमलं तर जमलं.

नातेवाइकांची यादीही घेऊ नका. काजू ठीक आहेत. पण ‘येताना दोन बाटल्या आण’ याला स्पष्ट नाही म्हणा. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासतात.

चुकीचा आठवडा निवडणं

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव आणि नाताळ, फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल. शहर तेव्हा सुंदर असतं, पण खोल्यांचे भाव दुप्पट आणि रस्ते बंद. दोघांना शांतता हवी असेल तर जानेवारीच्या मधले दिवस धरा, नाहीतर सरळ ऑगस्ट-सप्टेंबर. पावसात भिंतींवर शेवाळ चढतं, मांडवी लाल होते, खोल्या स्वस्त होतात. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, ताज्या मासळीची आशा तेव्हा धरू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही वेगळं आणि संथ असतं.

बिनसलंच तर

गाडी चार तास उशिरा पोचली, तर त्या दिवसाचं सगळं सोडा आणि फक्त संध्याकाळ वाचवा. मांडवीच्या काठावरून बेतीला जाणारी फेरीबोट पकडा. पायी चालणाऱ्याला तिकीट नाही. काही मिनिटांत पलीकडे, तिथे उतरून पुन्हा त्याच बोटीने अलीकडे. डिझेलचा वास, स्कूटरवाल्यांची गर्दी, मावळतीला तांबूस झालेलं पाणी. गाणी लावून फिरवणाऱ्या क्रूझपेक्षा आम्हाला ही वीस मिनिटं कायम जास्त आवडली आहेत.

खोली फोटोपेक्षा वेगळी निघाली, तर सामान उघडण्याआधी खाली जाऊन बदलून मागा, आणि ते दोघांपैकी जो शांतपणे बोलतो त्याने करावं. पाऊस थांबतच नसेल तर भिजा, दुसरी कपड्यांची जोडी त्यासाठीच असते. भांडण झालं तर फोंतेन्हासमध्ये अर्धा तास वेगवेगळे फिरा. वस्ती एवढी छोटी आहे की समोरासमोर याच.

शेवटचा दिवस लोक हमखास वाया घालवतात. अकराला खोली सोडायची आणि कोकणकन्या संध्याकाळी, मधले तास पिशव्या सांभाळत जातात. पिशव्या हॉटेलातच ठेवायला सांगा आणि जेवण होईपर्यंत पणजीतच राहा. जुनं गोवं या दिवसासाठी राखून ठेवा, कारण ते करमळीच्या वाटेवरच आहे. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असतात, म्हणून दुपारी उशिरा टॅक्सी करा आणि जाताना सामान सोबत घ्या. पणजीहून रिबंदरचा रस्ता सांगा. मध्ये खाजणातून, म्हणजे नदीकाठच्या खारट पाणथळ जमिनीतून, जाणारा तीन किलोमीटरचा दगडी बांध लागतो, १६३०च्या दशकात बांधलेला, आणि त्याच्यावरून आजही बस जाते. बॉम जेझूची बासिलिका १६०५ मधली आहे, गिलावा नसलेल्या जांभ्या दगडाची. चारनंतरचं ऊन त्या दगडावर पडतं तेव्हा समोरच्या हिरवळीकडे पाठ करून थोडा वेळ नुसते उभे राहा.

आम्ही दर वेळी निघताना शेवटच्या सकाळी पोदेराकडून सहा पोई जास्तीच्या घेतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळतो. कणकवली गेली की वरच्या बर्थवरून नवऱ्याचा हात खाली येतो. मी त्यात एक पोई ठेवते.