ऑनलाइन तिकीट काढता? या चुका टाळा (आणि रात्री बारानंतरच्या गाडीची तारीख दोनदा वाचा)

आमच्या गल्लीत कुणाला पुण्या-मुंबईला जायचं असलं की मोबाइल माझ्या हातात येतो. तिकीट काढायला नव्हे, काढून ठेवलेला घोळ निस्तरायला. घोळ मात्र दरवेळी तेच.

पहिला तारखेचा. मुंबईहून संध्याकाळी सुटलेल्या बऱ्याच गाड्या खान्देशात येतात तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेलेले असतात. माझ्या भाच्याची नागपूरला मुलाखत होती. जळगावहून गाडी रात्री १२:४०ची, तिकिटावर तारीख १४. पठ्ठ्या १४ तारखेला रात्री निवांत जेवला, बहिणीने दिलेला भरीत-पुरीचा डबा घेतला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसला. गाडी रोजची, त्यामुळे बोर्डावर नाव होतं, वेळही बरोबर. डब्यात चढून बघतो तर त्याच्या बर्थवर एक काका चादर पांघरून घोरताहेत. यानं त्यांना उठवलं, वाद घातला, टीसीला बोलावलं. टीसीने तिकीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "तुझी गाडी त काल रातलेच गई, भो." खाली उतरून आम्ही फलाटावरच्या बाकावर भरीत-पुरी खाल्ली. पहाटेच्या गाडीने तो जनरलच्या डब्यात उभ्याने गेला. तिकिटाचा एक रुपया परत आला नाही.

तेव्हापासून मी जाणाऱ्याला तारीख सांगतच नाही. "रविवारी रात्री जेवून निघायचं" एवढंच सांगतो आणि तेच कागदावर लिहून देतो.

तत्काळलाही हाच घोळ. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला, पण तो दिवस गाडी जिथून सुटते तिथला धरतात. मुंबईहून १३ ला सुटून, बारा वाजून १४ तारीख लागल्यावर पाऊणला जळगावला येणाऱ्या गाडीचं तत्काळ १२ ला उघडतं. १३ ला मोबाइल घेऊन बसलात तर हाती वेटिंगच. शिवाय जुलै २०२५ पासून आधार जोडल्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही. ते जोडायला दहाला पाच कमी असताना बसणाऱ्यांना मी आता मदत करत नाही.

दुसरी चूक उतावीळपणाची. पैसे कटले, तिकीट दिसेना. शेजारच्या वहिनींनी लगेच दुसरं तिकीट काढलं. मग पहिलंही निघालेलं दिसलं. एक रद्द केलं, पण रिफंड दोन दिवसांत येईना म्हणून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पलीकडचा माणूस एकदम गोड बोलणारा. त्याने स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला लावलं, "रिफंड घ्यायला पिन टाका" म्हणाला, आणि खात्यातून नऊ हजार गेले. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे वहिनींना माहीत होतं. घाईत आठवलं नाही. असं झालं तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, रडायचं नंतर. आणि पैसे कटले की मी चहा ठेवतो. चहा उकळेपर्यंत हिस्टरीत तिकीट दिसतं, किंवा निघालं नाही हे तरी कळतं.

कोपऱ्यावरच्या पोराच्या पर्सनल आयडीवरून जादा पैसे देऊन तिकीट घेऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा तिकिटांचा धंदा करणं गुन्हा आहे. वर मेसेज त्याच्या मोबाइलवर जातो आणि रिफंड त्याच्या खात्यात.

पैसे वाचवायचे म्हणून लोक पन्नास रुपयांच्या कूपनसाठी अर्धा तास घालवतात आणि शेवटच्या पानावर आधीच टिक केलेला विमा, देणगी, 'फ्री कॅन्सलेशन' तसंच ठेवून पैसे भरतात. ही असली चलाखी केंद्राने २०२३ मध्येच 'डार्क पॅटर्न' म्हणून बंद केली, पण टिक काढायचं बोट आपलंच. रेल्वेचा ४५ पैशांचा विमा मात्र मी घेतो, आणि नॉमिनी भरतो, जे कुणी भरत नाही. रेल्वेच्या साइटवर यूपीआयने पैसे भरले तर शुल्कही कमी लागतं.

घरात बायामाणसं असतील तर आधी एसटी बघा. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे, ७५ च्या पुढच्यांना तर फुकट. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाला एसटीच्या दीडपटीहून जास्त मागत असेल तर ते नियमात बसत नाही. आरटीओकडे तक्रार करा, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर चिडून काय होणार?

जळगावहून गाडी दिसत नसेल तर भुसावळ टाकून बघा, पंचवीस किलोमीटरचं तर अंतर.

आणि बसच्या अ‍ॅपवर 'जळगाव' लिहिल्यावर जे पहिलं येईल ते दाबू नका. जळगाव जामोद बुलढाणा जिल्ह्यात आहे.