मागचा शॉकअप आधी, बाकी सगळं नंतर

पुण्याहून सावंतवाडी, मोटरसायकलवर. खंबाटकी चढून सातारा, कराड, कोल्हापूर, पुढे संकेश्वरला हायवे सोडून गडहिंग्लज, आजरा, आंबोली. साडेतीनशे किलोमीटरच्या थोडं वरच. मागे धाकटी बहीण, दोन्ही बाजूंना बॅगा, कॅरियरवर तिसरी. पाठ जुनी दुखरी, म्हणून महिनाभर तयारी केली होती: व्यायाम, कमरपट्टा, टायरची हवा, सगळं. तरी आजऱ्याच्या पुढे मला गाडीवरून उतरता येईना. बहिणीने काखेत हात घालून उतरवलं. सावंतवाडीला मावशीकडे पहिले दोन दिवस गुडघ्यांखाली उशी घेऊन पडून काढले. राहिली होती ती एकच गोष्ट. मागचे शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे, गाडी घेतली तेव्हा होते तसेच होते, एकट्या माणसाच्या वजनाला लावलेले.

म्हणून दुखऱ्या पाठीने लांब जाणाऱ्यांसाठीच्या या यादीची सुरुवात तिथूनच. निघायच्या आधी निदान चार दिवस मागच्या शॉकअपचा प्रीलोड बघा. निघायच्या सकाळी नको. त्या सकाळी ते कुणीच करत नाही, मीही केलं नाही.

प्रीलोड म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते. स्प्रिंग त्याने कडक होत नाही, पण तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली जाते ते त्यावर ठरतं. दोन माणसं आणि वीस किलो सामान चढलं की ढिल्या सेटिंगची गाडी अर्ध्याहून जास्त दबूनच उभी असते. मग खड्डा आला की शॉकअपला दबायला जागाच उरत नाही. तो तळाला जाऊन आपटतो आणि तो दणका सीटमधून थेट माकडहाडात आणि तिथून कमरेत. कोल्हापूरपर्यंत रस्ता बरा, म्हणून कळलं नाही. गडहिंग्लज सोडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं, तिथे खड्ड्यागणिक ‘ठक्’ असा आवाज येत होता आणि मला वाटलं कॅरियरवरची बॅग हलतेय. दोनदा थांबून दोरी आवळली. दोरीचा काही संबंध नव्हता. असा आवाज आला तर थांबून शॉकअपच बघा.

आता कसं करायचं ते. गाडी डबल स्टँडवर घ्या, म्हणजे मागचं चाक अधांतरी राहतं आणि स्प्रिंगवर भार नसतो. शॉकअपच्या स्प्रिंगखाली खाचांची कॉलर असते, ब्रशने तिथला चिखल काढा, थेंबभर तेल सोडा. टूलकिटमध्ये वाकड्या चोचीचा एक चपटा पाना असतो, ज्याचं काय करायचं ते बहुतेकांना माहीत नसतं. तो याचसाठी. चोच खाचेत अडकवून कॉलर फिरवायची, एकेक पायरी वर. जोर लागतो आणि पाना निसटला तर बोटांची सालं निघतात, हातमोजे घाला. दोन्ही बाजूंना पायऱ्या सारख्याच हव्यात. डावीकडे चार आणि उजवीकडे तीन असं चालणार नाही, मोजा, परत मोजा. मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीत कॉलरपर्यंत हात पोचायला त्रास होतो, काहींत कॉलर जागेवर पक्की धरणारा लॉकनट असतो. तिथे मेकॅनिककडे जा, दहा मिनिटांचं काम आहे. पण समोर उभं राहून करून घ्या.

किती पायऱ्या? अंदाजाने नको, टेपने. चाक अधांतरी असताना ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पट्टीवर चिकटपट्टीची खूण करून, तिथपर्यंत अंतर मोजा. मग गाडी चाकांवर घेऊन दोघं बसा, सामान बांधून, बूट-हेल्मेटसकट, आणि तिसऱ्या माणसाकडून तेच अंतर मोजून घ्या. दोन्हींतला फरक चाकाच्या वर-खाली पूर्ण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा, जास्त आला तर कॉलर आणखी एक पायरी वर. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाची हालचाल ९० मिलिमीटर आहे, म्हणजे ३० च्या आगेमागे. दोघांसाठी थोडं जास्त झालं तर चालतं. परत आल्यावर जुन्या पायरीवर ठेवून मोजलं तेव्हा आकडा ५५ आला. आणखीही फायदे आहेत. मागून बसलेल्या गाडीचा हेडलाइट वर बघतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटात वळणावर गाडी जड लागते आणि स्टँड रस्त्याला घासतो. पण तुम्ही पाठीसाठी वाचताय, म्हणून पाठीसाठी सांगते: शॉकअप योग्य पायरीवर लावल्याशिवाय पुढचं काही वाचू नका.

व्यायाम. दोन-तीन आठवडे आधीपासून, रोज पंधरा मिनिटं. सेतुबंधासन, मार्जारासन, भुजंगासन, आणि पाठीवर झोपून एकेक पाय पट्ट्याने वर ओढायचा, कारण मांडीमागचे स्नायू आखडले की ते कंबरेचं हाड मागे खेचतात आणि पाठीचा बाक सीटवर उलटा होतो. प्लँकही करा. ज्याला आधीच सायटिका आहे त्याने आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारून करावं, मला नाही.

बसणं. हँडल इतकं जवळ हवं की कोपर थोडं वाकलेलं राहील. हात ताणून सरळ झाले तर प्रत्येक धक्का खांद्यातून मानेत जातो. क्लच-ब्रेकचे लिव्हर मनगटाच्या रेषेत थोडे खाली वळवा. हे दोन बोल्टचं काम आहे आणि फुकट आहे. फार मऊ सीट घेऊ नका, दुकानात छान वाटते, शंभर किलोमीटरनंतर माणूस तिच्यात रुततो आणि पाठ गोल होते. पाय खाली, शरीराच्या जवळ असतील तर गतिरोधकावर पायांवर भार घेऊन सीटवरून दोन बोटं उठता येतं. ते करा, प्रत्येक गतिरोधकाला, मागच्यालाही आधी सांगून. पाय पुढे ताणलेल्या गाडीवर हे जमत नाही, मग वेग कमी करणं एवढंच हातात राहतं.

मागच्या खिशातलं पाकीट काढा. एका बाजूचा कुल्ला वर, एका बाजूचा खाली, असं सहा तास बसलात तर पायात कळ जाणारच.

पाठीवर सॅक नको. पाणी आणि रेनकोट एवढंही नको, ते टाकीवरच्या बॅगेत. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर. आणि सामान आदल्या रात्रीच बांधा. झोपेत मणक्यांच्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून पहाटे चारला उठल्या उठल्या वाकून जड बॅग उचलली की कंबर धरते. रात्री बांधलं की आणखी एक होतं, भरलेल्या गाडीवर बसून प्रीलोड शेवटचा तपासता येतो. तपासा.

कमरपट्टा घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. माझ्या कमरेला त्या दिवशी चांगल्यातला पट्टा होता आणि शॉकअप तळाला आपटत होता, पट्ट्याने काय होणार? श्वास पुरेल इतकाच आवळा, थांबलात की काढा. टायरची हवा गाडी थंड असताना, दोघांसाठी गाडीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच. जास्त भरू नका, जास्त भरलेला टायर दगडासारखा उडवतो.

वेदनाशामक गोळी खाऊन निघू नका. दुखणं कळेनासं होतं आणि तुम्ही थांबायच्या जागी थांबत नाही. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन तर हँडलला हात लावू नका. आणि दुखण्याबरोबर पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर गाडी तिथेच सोडा आणि मिळेल त्या वाहनाने तडक मोठ्या हॉस्पिटलला जा. घरी जाऊन बघू, उद्या बघू, असं करायचं नाही.

प्रवासाच्या दिवशी दर तासाला उतरायचं, दुखो न दुखो. खेड शिवापूरला लगेच थांबावंसं वाटत नाही, पण सुरूरच्या आसपास थांबाच, मग सातारा, कराड, पुढे असंच. उतरून बसू नका. चालायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे वाकायचं, एक पाय मागे टाकून मांडीचा पुढचा भाग ताणायचा. पाणी प्या. मागे बसलेल्याला विचारा, त्याची पाठ तुमच्या आधी जाते, त्याला समोरचा खड्डा दिसत नाही. माझ्या बहिणीचीही गेली होती, ती बोलली नाही. शॉकअप दोघींचाही होता.

आंबोली उतरताना गिअरवर उतरा, सतत ब्रेक दाबून सगळा भार मनगटांवर घेऊ नका. पावसाळा असेल तर धुकं, घाई नको.

पोचल्यावर लगेच खुर्चीत बसू नका, दहा मिनिटं चाला. गरम पाण्याने आंघोळ. जमिनीवर झोपा, पिंढऱ्या खुर्चीवर ठेवून. बस.

परत निघताना वजन बदललेलं असतं, हे विसरू नका. आम्ही काजू, कोकम, मावशीने दिलेल्या बरण्या असं मिळून सात-आठ किलो वाढवलं होतं. सावंतवाडीच्या मेकॅनिकने त्याच पान्याने दोन्ही कॉलर वर घेऊन दिल्या आणि परतीला तोच रस्ता, तेच खड्डे, पण आधीच धरलेली कंबर पुण्यापर्यंत टिकली. मागचं माणूस परतीला नसेल तर कॉलर पुन्हा खाली घ्या, नाहीतर एकट्याला गाडी उडवते. दोन्ही बाजूंना सारख्या पायऱ्या. आणि पाना परत टूलकिटमध्ये ठेवलात का ते बघा.